मायफळ : फळ म्हटलेल्या एका गाठीची चिकित्सा

प्रास्ताविक

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील घराघरांत बाळगुटीची परंपरा अद्याप टिकून आहे. सहाणेवर दुधाचे वा पाण्याचे थेंब घालून वेखंड, हळकुंड, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, सुंठ, ज्येष्ठमध, काकडशिंगी आणि मायफळ यांचे ठरावीक वेढे उगाळायचे आणि ते चाटण तान्ह्या मुलास द्यायचे, असा हा परिपाठ होय. यांतील हळकुंड ही खास सांगलीची ओळख असून सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. हिरडा महाबळेश्वर, जावळी, पाटण या डोंगरी पट्ट्यातून येतो. मायफळ मात्र या मातीतले नाही. सुपारीएवढे वा त्याहून किंचित मोठे, करड्या अथवा निळसर-हिरवट रंगाचे, अंगावर बारीक उंचवटे असलेले हे कठीण गोळे इराण, तुर्कस्तान, सीरिया या प्रदेशांतून शतकानुशतके येत राहिले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मायफळ हे मुळात फळच नव्हे. ओकच्या एका जातीच्या झाडावर एका बारीक कीटकाच्या कृतीने निर्माण होणारी ती गाठ आहे.

ही माहिती वनस्पतिशास्त्राच्या आणि औषधनिर्माणशास्त्राच्या अध्यापकांस नवी नाही. औषधिद्रव्यांच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात ती सापडते. तथापि मराठीतून मायफळाविषयी जे सांगितले जाते, लिहिले जाते आणि शिकविले जाते त्यात या कीटकाला जवळजवळ स्थान नाही. घरगुती औषधांच्या पुस्तकांत मायफळाचे गुण असतात: तुरट, स्तंभक, हिरड्या घट्ट करणारे, अतिसारावर उपयुक्त, बाळंतिणीस हितकर. गुण सांगितले की परिचय पूर्ण झाला, अशी ही पद्धत आहे. वस्तू कशी घडली हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. प्रस्तुत लेखात या अनुल्लेखाची चिकित्सा केली आहे. मायफळाच्या निमित्ताने सातारा-सांगली परिसरातील झाडांवर नित्य दिसणाऱ्या, पण ‘रोग’ वा ‘कीड’ या दोन शब्दांत गुंडाळल्या जाणाऱ्या कीटकगाठींकडे अभ्यासकांचे लक्ष वेधणे हाही त्यामागील हेतू आहे.

गाठ कशी घडते

ज्या झाडावर मायफळ धरते त्याचे शास्त्रीय नाव क्वेर्कस इन्फेक्टोरिया असे आहे. ऑलिव्हिये या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने १८०१ मध्ये ते दिले. १७९० च्या दशकात ऑटोमन साम्राज्य आणि इराण यांतून त्याने दीर्घ प्रवास केला होता. गाठ घडविणाऱ्या कीटकाचे नावही त्याचेच. आज तो अँड्रिकस गॅलीटिंक्टोरियस म्हणून ओळखला जातो. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या ज्या गणात येतात त्याच गणातील सिनिपिडी या कुळाचा हा सदस्य होय. गांधीलमाशी म्हटले की डोळ्यांपुढे येणारी पिवळी, डंख मारणारी आकृती येथे विसरली पाहिजे. हा कीटक काही मिलिमीटरांचा, कुबड आल्यासारखा दिसणारा आणि माणसाच्या दृष्टीने सर्वस्वी निरुपद्रवी आहे.

मादी ओकच्या कोवळ्या कळीत अंडे घालते. अंड्यातून अळी बाहेर येते आणि तिच्या सान्निध्यात झाडाच्या पेशींची वाढ आपली नेहमीची वाट सोडते. जेथे डहाळी फुटायची तेथे गोल गाठ आकार घेऊ लागते. ही गाठ म्हणजे जखमेवर धरलेली ओबडधोबड खपली नव्हे. तिच्या मध्यभागी अळीची कोठडी असते, कोठडीभोवती अळीला पोसणाऱ्या मऊ पेशींचा थर असतो, त्याबाहेर कठीण कवच आणि त्याहीबाहेर टॅनिनने भरलेला जाड थर असतो. घर आणि अन्न दोन्ही झाडच पुरविते, परंतु आराखडा झाडाचा नसतो. एकाच ओकवर दोन भिन्न जातींच्या माद्यांनी अंडी घातली तर दोन भिन्न आकारांच्या गाठी तयार होतात, आणि आकार कोण ठरवितो याचा याहून बोलका पुरावा नाही. अळीच्या कोणत्या स्रावाने हे घडते हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित राहिला. २०२१ मध्ये ऐश्वर्या कोरगावकर, डेव्हिड स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील विच-हेझल या झाडावर गाठी करणाऱ्या माव्याच्या एका जातीत गाठीच्या घडणीशी निगडित अशा प्रथिनांचे एक कुलच दाखवून दिले आणि त्यास ‘बायसिकल’ असे नाव दिले. ते संशोधन माव्यावरचे असल्याने सिनिपिडी कुळास ते जसेच्या तसे लागू करता येणार नाही. पण कीटक झाडाच्या वाढीच्या सूचना बदलतो ही कल्पना त्यामुळे रेणूंच्या पातळीवर उतरली.

पूर्ण वाढ झालेला कीटक गाठ पोखरून गोल भोकातून बाहेर पडतो. या कुळातील अनेक जातींत एका पिढीत नर-मादी असतात आणि पुढच्या पिढीत केवळ माद्या. दोन्ही पिढ्यांच्या गाठीही इतक्या वेगळ्या दिसतात की पूर्वी त्या स्वतंत्र जाती मानल्या जात. हेर्मान आडलर या जर्मन वैद्याने १८८१ मध्ये या पिढ्यांतराची प्रयोगसिद्ध मांडणी केली. मायफळातून बाहेर पडणारी पिढी माद्यांचीच असते. ‘मायफळ’ हा शब्द फारसीतील ‘माजू’शी नाते सांगतो, हिंदीत तो ‘माजूफल’ असाच आहे. मराठी कानाला मात्र त्यात ‘माय’ ऐकू येते आणि गुटीच्या सहवासाने ती अधिकच पक्की होते. व्युत्पत्ती म्हणून याचे मोल शून्य. तरी त्या ‘माय’मधून माद्यांचीच पिढी बाहेर पडावी हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे.

व्यापारात मायफळाचे निळे, हिरवे आणि पांढरे असे प्रकार पाडले जातात. हे झाडाचे वा प्रदेशाचे भेद नव्हेत. कीटक बाहेर पडण्यापूर्वी तोडलेल्या गाठी निळसर वा हिरवट, जड आणि भोकाविना असतात, तर कीटक निघून गेल्यावर गोळा केलेल्या फिकट, हलक्या आणि सच्छिद्र असतात. औषधिशास्त्राच्या ग्रंथांत चांगल्या मायफळातील टॅनिनचे प्रमाण ५० ते ७० टक्के दिले जाते आणि पांढरा प्रकार हलक्या प्रतीचा समजला जातो. येथे घरगुती निवड आणि शास्त्र यांची एक विलक्षण गाठ पडते. भोक पडलेले मायफळ ‘किडके’ म्हणून बाजूला सारायचे आणि अखंड तेवढे घ्यायचे, हा कोणत्याही सावध गृहिणीचा स्वाभाविक निवाडा होय. तो निवाडा योग्य आहे, पण त्यामागचे कारण नेमके उलटे आहे. किडके म्हणून टाकलेल्या मायफळातून कीटक केव्हाच निघून गेलेला असतो, तर निर्दोष म्हणून निवडलेल्या मायफळात तो अजून आत असतो.

उगाळणे आणि फोडणे

इतक्या जुन्या परिचयानंतरही मायफळातील कीटक मराठी भाषेच्या नजरेस का आला नाही? लोकांचे निरीक्षण तोकडे होते असे उत्तर देणे सोपे आहे, पण ते टिकत नाही. कारण त्याच मराठीने उंबरातील कीटक अचूक टिपला आहे, त्याला ‘केंबरे’ असे स्वतंत्र नाव दिले आहे आणि ‘उंबर फोडून केंबरे काढणे’ असा वाक्प्रचारही घडविला आहे. नको ती गोष्ट उगाच उघडी पाडणे हा त्याचा अर्थ. ‘उंबराचे फूल’ हा दुर्मीळतेचा वाक्प्रचारही याच निरीक्षणाचा दुसरा भाग आहे. फूल दिसत नाही आणि कीटक मात्र आत असतात, ही उंबराची दोन्ही वैशिष्ट्ये भाषेने जपली.

फरक लोकांच्या बुद्धीत नसून वस्तू हाताळण्याच्या रीतीत आहे. उंबर खाण्यासाठी फोडावे लागते. फोडले की केंबरे उडतात. मायफळ उगाळले जाते. सहाणेवर त्याचा पृष्ठभाग वेढ्यावेढ्याने झिजतो आणि एका मुलाच्या गुटीपुरते वापरून ते पुन्हा डबीत जाते. अनेक घरांत तेच मायफळ पुढच्या मुलासाठीही निघते. कोठडीपर्यंत सहाण क्वचितच पोचते. वैद्याच्या खलात किंवा दंतमंजनाच्या कारखान्यात मायफळ कुटले जाते हे खरे; पण तेथे ते एकदम चूर्ण होते आणि चूर्णात अळी व कवच यांचा भेद उरत नाही. उगाळणे आणि कुटणे या दोन्ही क्रियांत वस्तूचा गुण हाती येतो, तिची रचना हाती येत नाही. रचना पाहायची तर सुरीने नीट मधोमध कापावे लागते, आणि तसे करण्याचे कारण स्वयंपाकघरातही नव्हते, औषधालयातही नव्हते.

गुटीतील दुसरे द्रव्य, काकडशिंगी, या दृष्टीने तुलनीय आहे. तीही गाठच. हिमालयाच्या पश्चिम भागातील पिस्ता वर्गीय झाडाच्या पानांवर माव्याच्या एका जातीमुळे ती होते. कर्कटशृंगी, म्हणजे खेकड्याच्या नांगीसारखी, हे तिचे संस्कृत नाव आकारावरून पडले. चरकसंहितेतील कासहर गणात ‘शृंगी’ या नावाने तिचा समावेश आहे. येथे नावाने फळ असल्याचा दावा केलेला नाही, हे महत्त्वाचे. काकडशिंगी पोकळ असते, सहज तुटते आणि तुटल्यावर आतील भुरा व कीटकांचे अवशेष दिसतात. म्हणजे एकाच गुटीत दोन कीटकगाठी आहेत आणि ती उगाळणाऱ्या बहुतेकांना दोहोंपैकी एकीचाही जनक ठाऊक नसतो.

हा दोष केवळ मराठीचा आहे असे समजणे मात्र अन्यायाचे होईल. ‘इन्फेक्टोरिया’ आणि ‘टिंक्टोरिया’ ही दोन्ही लॅटिन पदे रंगाऱ्याच्या धंद्यातून आली आहेत. म्हणजे ऑलिव्हियेनेही झाड आणि कीटक दोहोंची नावे उपयोगावरूनच ठेविली. युरोपात शतकानुशतके मायफळ आणि हिराकस यांपासून काळी शाई केली जाई. इंग्रजीत अशा काही गाठींस ओकचे ‘सफरचंद’ म्हणतात, जर्मन शब्दातही सफरचंद आहेच. फळाचा भास सर्वत्र झाला. एवढेच काय, सडक्या मांसात किडे आपोआप उत्पन्न होत नाहीत हे १६६८ मध्ये प्रयोगाने दाखविणारा फ्रान्सिस्को रेदी हा इटालियन वैद्यही गाठींपाशी अडखळला. गाठीतील अळी झाडाच्या प्राणशक्तीतूनच उपजत असावी असे त्याने मानले. ही अडचण सोडविली ती त्याच्याच देशातील मार्चेल्लो माल्पिगीने. १६७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वनस्पतिरचनेवरील ग्रंथाच्या दुसऱ्या भागात त्याने गाठी कापून, त्यांची चित्रे काढून, अंड्यापासून गाठीपर्यंतचा क्रम मांडला. नाव चुकीचे असूनही तेथे कोणीतरी सुरी हाती घेतली. म्हणून टीकेचा रोख शब्दावर नसून शब्दानंतरच्या स्वस्थतेवर हवा. पुढे मानवी लैंगिकतेवरील संशोधनाने गाजलेला आल्फ्रेड किन्से हाही मूळचा या कीटकांचाच अभ्यासक. सिनिप्स या प्रजातीवरील त्याचा ग्रंथ १९३० चा. त्याने जमविलेल्या लक्षावधी नमुन्यांचा साठा न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे.

ओक नसलेला मुलूख

सातारा-सांगलीत ओकवरील गाठी शोधू जाणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली फसगत पाचगणीत होण्याचा संभव आहे. तेथील रस्त्यांच्या कडेने आणि शाळांच्या आवारांत ‘सिल्व्हर ओक’ उभे आहेत. नावापलीकडे त्यांचा ओकशी संबंध नाही. ग्रेव्हिलिया रोबस्टा हे पूर्व ऑस्ट्रेलियातील झाड असून त्याचे कूळही वेगळे आहे. पानांच्या मागील रुपेरी छटेमुळे आणि लाकडाच्या पोताच्या साम्यामुळे हे नाव पडले. मायफळाला फळ म्हणणारी मराठी आणि या झाडाला ओक म्हणणारी इंग्रजी, दोघी एकाच बाकावर बसतात. खरे ओक भारतात हिमालयात आणि ईशान्येकडील डोंगरांत आहेत. सह्याद्रीत ते निसर्गतः नाहीत. साहजिकच सिनिपिडी कुळातील ओकगाठींचे भारतीय कीटकही त्याच पट्ट्यात शोधावे लागतात, आणि तेथेही त्यांच्यावर झालेले काम झाडांच्या विपुलतेच्या मानाने थोडे आहे.

टॅनिनची गरज मात्र या मुलखाने कधी ओकवर टाकली नाही. कातडी कमाविणे, कापड रंगविणे, काळा रंग धरविणे यासाठी सह्याद्रीचा हिरडा पुरेसा होता आणि हिराकसबरोबर तोही काळेपणा देतो. कदाचित यामुळेच मायफळ येथे फक्त औषधाच्या डबीत राहिले, रंगाऱ्याच्या कढईत गेले नाही. जेथे ते पोत्यांनी लागत असे तेथे निळे-पांढरे यांची प्रतवारी आणि भोकाचे कारण हा व्यापाऱ्याच्या नफ्यातोट्याचा विषय होता. जेथे एक मायफळ दोन पिढ्यांना पुरते तेथे हा प्रश्न कोण विचारणार?

गुटीविषयी आणखी एक गोष्ट येथे नमूद करणे आवश्यक आहे. पहिले सहा महिने तान्ह्या मुलास आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा आणि बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. टॅनिन प्रथिनांना बांधून ठेवते. मायफळाचा स्तंभक गुण त्यातूनच येतो आणि मात्रेचा प्रश्नही तेथेच उभा राहतो. मात्रा मोजण्याचे एकक मात्र ‘वेढा’ आहे, आणि एका वेढ्यात किती द्रव्य उतरते हे सहाणेचा खरखरीतपणा, हाताचा दाब आणि मायफळ निळे की पांढरे यांवर अवलंबून राहते. उत्पत्तीचे अज्ञान येथे केवळ बौद्धिक उणीव राहत नाही.

करंज, आंबा, उंबर

ओक नाही म्हणून गाठी नाहीत असे नव्हे. कृष्णाकाठच्या करंजाची पाने पाहावीत. पानांवर बोटांच्या टोकांसारखे फुगवटे इतक्या दाटीने येतात की निकोप पान शोधावे लागते. या गाठी कीटकाच्या नव्हेत. असेरिया पोंगॅमी या कोळीच्या जातीमुळे त्या होतात. हा कोळी डोळ्यांना दिसत नाही, अळीसारखा लांबट असतो आणि इतर कोळ्यांप्रमाणे पायांच्या चार जोड्या न बाळगता दोनच जोड्यांवर भागवितो. महाविद्यालयीन वनस्पतिसंग्रहात करंजाचे असे पान आले की त्याखाली बहुधा ‘रोगट’ असे लिहिले जाते किंवा ते पान टाकून ‘चांगले’ पान चिकटविले जाते. नमुना स्वच्छ होतो आणि निरीक्षण नाहीसे होते.

आंब्याच्या पानांवरील मसुरीएवढे, चामखिळीसारखे वा काटेरी उंचवटे हे चिलटासारख्या बारीक माशांचे काम होय. या माशांच्या एका प्रजातीस जुन्या ग्रंथांत ‘आम्राडिप्लोसिस’ असे नाव आढळते. आज तिच्या जाती प्रोकॉन्टॅरिनिया या प्रजातीत गणल्या जातात. संस्कृत ‘आम्र’ शास्त्रीय लॅटिनात जाऊन बसला, पण त्या गाठीला ज्या मराठी मुलखात आंबा पिकतो तेथे सर्वमान्य शब्द मिळाला नाही. वर्गात सर्रास ‘गॉल’ हाच इंग्रजी शब्द वापरला जातो. मराठी विश्वकोशाचे काम ज्या वाईतून चालले, तो सातारा जिल्हा या बाबतीत शब्दाअभावी मुका राहावा ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे. ‘कीटकगाठ’ हा साधा शब्द करंजाच्या कोळीपुरता अपुरा पडतो हे मान्य केले तरी ‘रोग’ या शब्दाहून तो सत्याच्या पुष्कळ जवळ आहे.

उंबराची कथा तर सर्वांत समृद्ध. पलूस तालुक्यातील औदुंबर हे कृष्णातीरावरील दत्तक्षेत्र या झाडाच्याच नावाने ओळखले जाते. तेथे ज्या झाडाला प्रदक्षिणा घातल्या जातात त्याच्या प्रत्येक फळात सेराटोसोलेन फुसिसेप्स या कीटकाची सूतिकागृहे असतात. मादी उंबराच्या टोकाकडील अरुंद तोंडातून आत शिरते. शिरताना तिचे पंख बहुधा तुटतात. आत असंख्य सूक्ष्म फुले असतात. काहींवर ती दुसऱ्या झाडावरून आणलेले पराग सोडते, काहींच्या बीजकोशात अंडी घालते. अंडे घातलेल्या फुलाचे बी होत नाही, गाठ होते. आखूड दांड्याच्या फुलांत गाठी आणि लांब दांड्याच्या फुलांत बिया, अशी साधारण विभागणी पडते. पंखहीन नर आधी बाहेर येतात, गाठीतील माद्यांशी मीलन करतात, बाहेर पडण्याची वाट कोरतात आणि तेथेच मरतात. माद्या पराग घेऊन उडून जातात. मायफळात झाडाला काहीच परत मिळत नाही. उंबरात मात्र गाठ हाच झाडाच्या वंशवृद्धीचा मोबदला ठरतो. केंबरे नाहीशी झाली तर उंबराला बी धरणार नाही. सिनिपिडी आणि उंबरातील कीटक यांची कुळे वेगळी असली तरी दोन्ही एकाच गणातील आहेत. ओकवरील गांधीलमाशीचा सातारा-सांगलीतील सर्वांत जवळचा व्यवसायबंधू कोण, या प्रश्नाचे उत्तर औदुंबराच्या पारावर मिळते.

ग्रंथ आणि वर्ग

भारतीय कीटकगाठींचा पाया घालणारे नाव म. स. मणी यांचे. आग्र्याच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात कीटकशास्त्राचे अभ्यासकेंद्र उभारून त्यांनी देशभरातील गाठींची नोंद केली. ‘इकॉलॉजी ऑफ प्लांट गॉल्स’ हा त्यांचा ग्रंथ १९६४ मध्ये हेग येथून आणि ‘प्लांट गॉल्स ऑफ इंडिया’ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका महाविद्यालयातून झालेले हे काम आहे, ही गोष्ट महाविद्यालयीन अध्यापकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी. पण ते इंग्रजीत आहे आणि वर्गीकरणाच्या भाषेत आहे. त्याचा मराठीत उतारा झाला नाही. एखाद्या तालुक्याच्या झाडांपुरती त्याची फोड करून देणारी पुस्तिकाही मराठी विद्यार्थ्याच्या हाती पडत नाही.

मराठी ललित निसर्गलेखनाची परंपरा मोठी आहे. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ चे. आजच्या सांगली जिल्ह्यातील माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळीची कथा सांगतात. २०२५ मध्ये निवर्तलेल्या मारुती चितमपल्लींनी रानातील शब्दांचा साठा मराठीत आणला. या लेखनाचा मुख्य भर वृक्ष, पक्षी आणि श्वापद यांवर राहिला. रसिकतेने पाहता तो समर्थनीय आहे. मोहोर, बहर, पानगळ यांना जे सौंदर्य आहे ते चामखीळ धरलेल्या पानाला नाही. परंतु निसर्गलेखनाने सुंदरतेचा निकष इतका घट्ट धरला की पानावरील गाठ त्याच्या कक्षेत आली नाही, आणि कृषिलेखनाने उपद्रवाचा निकष धरल्याने तेथे ती केवळ फवारणीचा विषय झाली. दोहोंच्या मधल्या पट्टीत, म्हणजे नुसत्या कुतूहलाच्या जागी, फारसे कोणी लिहिले नाही.

या रिकाम्या पट्टीची किंमत एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून स्पष्ट होऊ लागली आहे. निलगिरीवर गाठी करणारी लेप्टोसिबे इन्व्हासा ही गांधीलमाशीच्या गणातील जात २००४ मध्ये शास्त्राला नव्याने परिचित झाली, आणि त्याच सुमारास दक्षिण भारतातील निलगिरीच्या लागवडीत तिचा उपद्रव जाणवू लागला. त्याच वर्षी नामकरण झालेल्या क्वाड्रास्टिकस एरिथ्रिनी या जातीने पांगाऱ्याच्या वर्गातील झाडांना अनेक देशांत ग्रासले. हवाईतील देशी पांगारा तर तिने मृत्यूच्या दारी नेला, आणि २००८ मध्ये तिच्यावर उपजीविका करणारा दुसरा कीटक सोडल्यावर तेथे उतार पडू लागला. बाहेरून आलेली गाठ ओळखायची तर आधीपासून असलेल्या गाठी ठाऊक असाव्या लागतात. कोयनेच्या खोऱ्यात किंवा मिरजेच्या माळावर पांगाऱ्याच्या कोवळ्या फुटीला आलेली सूज ‘रोग’ म्हणून नोंदविली गेली, तर ती नोंद निरुपयोगी नव्हे तर दिशाभूल करणारी ठरते.

यासाठी लागणारी साधनसामग्री महागडी नाही. ताजी, बंद गाठ पानासह अथवा डहाळीसह रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ठेवायची, तोंडास मलमलीचे फडके बांधायचे, झाडाचे नाव, ठिकाण आणि तारीख चिठ्ठीवर लिहायची आणि वाट पाहायची. त्याच वेळी दुसरी गाठ ब्लेडने मधोमध कापून कोठड्या एक की अनेक हे पाहायचे. करंजाच्या बाबतीत बरणीचा उपयोग नाही. तेथे गाठीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावा लागेल. आंब्यासाठी कोवळी पालवी फुटल्यानंतरचे आठवडे योग्य. बरणीत जो कीटक प्रथम दिसेल तोच गाठीचा कर्ता असे धरून चालणे ही नवशिक्याची नेहमीची चूक आहे. एकाच गाठीतून मूळ कर्ता, त्याच्या घरात आयता राहणारा उपरा आणि त्या दोघांच्या अळ्या खाऊन वाढलेला परजीवी असे तिघेही बाहेर पडू शकतात. भोकांचे व्यास मोजले तर त्यांचे वेगळेपण पुष्कळदा तेथेच कळते. मायफळावरही हाच प्रयोग करता येतो. बाजारातून आणलेल्या पावशेर मायफळांतून भोकाची आणि अखंड वेगळी करावीत, भोके मोजावीत, प्रत्येक प्रकारातील काही नमुने करवतीने कापावेत. कर्त्या कीटकाने पाडलेले भोक साधारण दोन ते तीन मिलिमीटरांचे असते. त्याहून बारीक भोकातून जो बाहेर पडला तो दुसराच कोणी होता.